गवत होतं, तरी बारशिंगे का आटले? कान्हाच्या कुरणांचं प्रकरण

हरणं आपल्या जमिनीत यावीत म्हणून मुद्दाम चारा पेरायचा, ही कल्पना विदर्भातल्या एखाद्या शेतकऱ्याला सांगून बघा. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग तारेच्या कुंपणाला किती खर्च आला ते ऐकवेल. त्याच्या तुरीत रोही आणि रानडुकरं न बोलावता येतात. अमेरिकेत मात्र हा रीतसर उद्योग आहे. तिथले जमीनमालक जंगलाच्या कडेला क्लोव्हर, ओट, शलगम पेरतात. शिकारीच्या हंगामात पांढऱ्या शेपटीची हरणं टप्प्यात यावीत, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार संपली, पण हरणांसाठी चारा तयार करणं हे वनखात्याच्या कामात आहेच. त्याला कुरण विकास म्हणतात. ताडोबात, मेळघाटात, पेंचमध्ये ते चालतं, आणि एक तक्रार हमखास ऐकू येते: गवत तर आणलं, मग हरणं टिकत का नाहीत?

या तक्रारीला कान्हाच्या बारशिंग्यांइतकं चांगलं उत्तर दुसरं कुठलं प्रकरण देत असेल असं मला वाटत नाही. तिथे गवत मुबलक होतं. हरणांना ते कोवळं मिळावं म्हणून माणसं राबतही होती. आणि त्याच काळात हरणं संपत चालली होती.

तीन हजारांवरून सहासष्टवर

कान्हा मध्य प्रदेशात, मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत, मैकल डोंगररांगेत येतं. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातलं हे जंगल. १९३३ मध्ये अभयारण्य झालं, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत त्याचं नाव होतं. दऱ्यांमध्ये सालाचं दाट रान, मधे मोकळी गवताळ मैदानं आणि डोंगरमाथ्यावर सपाट माळ, ज्यांना तिथे दादर म्हणतात. यातली बरीच मैदानं बैगा आणि गोंड वस्त्यांच्या जुन्या शेतीची देणगी आहे.

बारशिंग्याच्या भारतात तीन उपजाती. दुधवाकडच्या तराईतला आणि काझीरंगातला असे दोघे दलदलीचे रहिवासी, त्यांचे खूर पसरट. कान्हाचा बारशिंगा टणक जमिनीवरचा, खूर घट्ट आणि आवळलेले. मध्य प्रांतातले वनाधिकारी ब्रँडर यांच्या नावावरून या उपजातीचं शास्त्रीय नाव पडलं. १९३८ च्या सुमारास कान्हा परिसरात यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज होता. १९७० च्या गणनेत ६६ भरले. या उपजातीचा जगात तेवढाच कळप उरलाय असं तेव्हा धरलं जात होतं.

कान्हात त्या वेळी चितळ होते, गवेही होते. म्हणजे जंगल सरसकट उजाड झालं होतं असं नाही. एकच प्राणी कोसळत होता. असं झालं की पहिला प्रश्न पडायला हवा तो असा: हा प्राणी बाकीच्यांपेक्षा काय वेगळं मागतो?

बारशिंगा जवळजवळ फक्त गवत खातो. चितळाचं तसं नाही. उन्हाळ्यात गवत वाळलं की चितळ झाडपाल्याकडे वळतो, मोहाची फुलं वेचतो, वानरांनी वरून टाकलेला पाला खातो. बारशिंग्याकडे ही पळवाट नाही. एप्रिल-मे महिन्यांत तो नाल्याकाठच्या ओलाव्यावर हिरवं राहिलेलं गवत शोधतो, डबक्यात उतरून पाणवनस्पती खातो. चितळाला आखूड चरलेलं, मोकळं मैदान आवडतं, कारण त्यात वाघ लांबून दिसतो. बारशिंगा उंच गवतात रमतो. ‘हरणांसाठी कुरण’ असा एकच आराखडा करून दोघांना एकाच माळावर बसवायला गेलं की पहिल्या पावलालाच गफलत होते, आणि आजही कुरण विकासाच्या गप्पांमध्ये सगळी हरणं एकाच मापाने मोजली जाताना दिसतात.

संशयित

ऱ्हासाची कारणं शोधताना बरेच संशयित पुढे आले. शिकार होऊन गेली होती. वाघांवर बोट ठेवलं गेलं. गुरांपासून येणाऱ्या रोगामुळे माद्या गाभडत असाव्यात, अशीही शंका होती. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहून हरणं आणि वाघ यांचा अभ्यास केला. त्यानंतर १९७१ पासून क्लॉद मार्टिन हे स्विस अभ्यासक खास बारशिंग्यांसाठी कान्हात राहिले (हेच पुढे वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेचे आंतरराष्ट्रीय महासंचालक झाले). कान्हाचे पहिले क्षेत्र संचालक एच. एस. पनवार यांनी हाच प्रश्न व्यवस्थापनाच्या बाजूने तपासला. हळूहळू बोट एका ठिकाणी येऊन थांबलं: गवताची वर्षभराची उंची.

इथे थोडं थांबून बारशिंग्याचं वर्ष समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे.

कान्हात नर साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत माजावर असतात. हुंकारत फिरतात, चिखलात लोळतात, शिंगं गवतात घुसळतात. मग शिंगांच्या टोकांवर उपटलेल्या गवताचे झुपके अडकून राहतात आणि नर ते तसेच मिरवत हिंडतो. मादी आठेक महिने गाभण असते. म्हणजे विणीचा हंगाम येतो तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत आणि थोडा पुढे. एका वेळी एकच पाडस.

हे पाडस जन्मल्याबरोबर आईमागे धावत सुटत नाही. आई त्याला गवतात बसवते आणि चरायला निघून जाते. ते पाय पोटाशी घेऊन, मान जमिनीला टेकवून, कान मागे पाडून निपचित पडून राहतं. अंगावरचे फिकट ठिपके, वरून वाकलेली गवताची पाती, मधून पडलेले उन्हाचे कवडसे. दहा पावलांवरून गेलात तरी दिसणार नाही. दूध पाजायची वेळ झाली की आई येते, तीही थेट त्याच्याजवळ न जाता जरा अंतरावर थांबते. पाडसाकडे बचावाचं एवढंच साधन असतं. वाघ तर सोडाच, कोल्हा किंवा अजगरसुद्धा त्याला पुरून उरतो. कमरेएवढं गवत असेल तर पाडस वाचायची आशा. गवत गुडघ्याखाली असेल तर ते उघड्यावर मांडून ठेवल्यासारखंच.

आता याच वर्षावर माणसांचं वेळापत्रक ठेवून बघा. पावसाळ्यात गावांची गुरं मैदानात चरायची, म्हणजे गवत जेव्हा वाढायला हवं तेव्हाच खुडलं जायचं. पावसाळा संपून गवत पिकलं की हिवाळ्यातच मैदानं पेटवली जायची. गावकरी पेटवायचे आणि बऱ्याचदा व्यवस्थापनही पेटवायचं, कारण जळल्यावर जो फुटवा येतो त्यावर हरणं तुटून पडतात. जळालेल्या पट्ट्यात ठोंबांच्या काळ्या बुडख्यातून काही दिवसांत बोटभर लांबीची लुसलुशीत पाती वर येतात. दरीतली ओल आणि दाट दव यामुळे हे कान्हात भर हिवाळ्यातही होतं. जुन्या वाळक्या गवतात काडी जास्त आणि पोषण कमी. या नव्या पात्यांत प्रथिनं भरपूर आणि तंतू कमी. सकाळी जाऊन पाहिलं तर काळ्या माळावर शेकडो चितळ. पाहणाऱ्याला वाटावं, कुरण एकदम यशस्वी.

यशस्वी होतंच, चितळांसाठी. बारशिंग्याच्या बाजूने पाहिलं तर ही आग ऐन माजाच्या आधी किंवा माजात लागायची, कळप उधळायचे, आणि जेमतेम दोन-तीन महिन्यांच्या पाडसांचा उरलासुरला आडोसाही जायचा. वर्षानुवर्षं सगळं मैदान एकाच वेळी जाळलं की गवताची जातकुळीही बदलते. आगीला दाद न देणारी, राठ पात्यांची गवतं पुढे सरकतात आणि रुचकर गवतं मागे पडतात.

हरणांना बोलावण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय होता तोच त्यांचं वंशसातत्य कुरतडत होता. मोजमाप चुकीच्या दिवशी होत होतं, एवढंच. फेब्रुवारीत मैदानावर किती तोंडं दिसली याची नोंद व्हायची. नोव्हेंबरात किती पाडसं आईबरोबर चालताना दिसली, हा आकडा कळीचा होता.

सौंफचं मैदान

१९७० च्या आगेमागे काही वर्षांत तीन गोष्टी घडल्या.

पहिली, कान्हाच्या मैदानात शिकारी प्राण्यांना आत येता येणार नाही असं कुंपण घालून बारशिंग्यांचा एक छोटा कळप आत ठेवला गेला. कुंपणाच्या आत गुरं नाहीत, चितळ नाहीत, आग नाही. गवत उंच राहिलं, पाडसं वाढली आणि मग जनावरं बाहेर सोडता आली. हा विम्याचा उपाय होता. त्याने संख्या सावरायला हात दिला, पण कुंपणातल्या हरणांवर उपजात टिकत नाही.

दुसरी गोष्ट आगीच्या वेळापत्रकाची. सगळं मैदान पेटवणं बंद झालं. जाळायचंच तर पट्टे आखून, आलटून पालटून, माज आणि पाडसांचा काळ टाळून. एका पट्ट्यात कोवळा फुटवा, शेजारच्यात उभं गवत, अशी मांडणी झाली की बारशिंगा दिवसभरात दोन्हींत ये-जा करू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आणि सर्वांत अवघड: गावांचं स्थलांतर. एम. के. रणजितसिंह १९६० च्या दशकाच्या शेवटी मंडल्याचे जिल्हाधिकारी होते आणि उद्यानातली गावं बाहेर वसवण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे काझीरंगाकडच्या बारशिंग्याच्या उपजातीला त्यांचं नाव दिलं गेलं. सौंफ, बिशनपुरा, रौंदा ही हलवलेल्या गावांपैकी नावं. सौंफची शेतं पडीक राहिली, तिथे गवत माजलं, गुरं नव्हती, आग नव्हती, आणि खोलगट जागी पाणी धरून राहत होतं. बारशिंगे तिथे आपणहून गेले आणि सौंफ त्यांच्या विणीची महत्त्वाची जागा ठरली. त्यांना आणून सोडायला लागलं नाही, मीठ-पाणी ठेवून भुलवायला लागलं नाही.

नांगरलेल्या शेताचं आपोआप कुरण होतं, असा मात्र समज नको. गाव उठल्यावर पहिली काही वर्षं तिथे तणांचं राज्य असतं. तरोटा, रानतुळस, घाणेरी. तरोट्याचं बी टणक सालीचं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि दर पावसाला हप्त्याहप्त्याने उगवतं. तो उपटायचा तर फुलं येऊन शेंगा धरायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट. दिवाळीनंतर कापून काही उपयोग नाही. तोवर पुढच्या कित्येक वर्षांची पेरणी त्याने करून ठेवलेली असते. पळस, लेंडी अशा झाडांची रोपं मैदानात घुसतात, तीही वेळीच काढावी लागतात, नाहीतर पंधरा-वीस वर्षांत कुरणाचं झुडपी रान होतं.

गवत लावतानाही घाई नडते. मारवेलचं बी हलकं, लवदार. ताजं पेरलं तर फार थोडं उगवतं, काही महिने साठवून पेरलेलं बरं. त्यापेक्षा पहिल्या दमदार पावसानंतर मुळासकट ठोंब लावणं खात्रीचं. बी आणायचं तर त्याच जंगलातल्या चांगल्या मैदानातून. कुसळी गवत पावसाळ्यात कोवळं असताना हरणं आवडीने खातात, पण ऑक्टोबरनंतर त्याचं बी पिळदार कुसळासह सुटतं, पायमोज्यातून आरपार घुसतं आणि चरणाऱ्या जनावराच्या तोंडालाही टोचतं. म्हणून निव्वळ कुसळीचा माळ दुरून सोनेरी, देखणा दिसला तरी त्या दिवसांत तिथे कुणी फारसं चरत नाही. पर्यटकांचे सगळ्यात सुंदर फोटो नेमके याच माळावरचे असतात, ही गंमत वेगळी.

कुरण खरंच कमी पडतंय की तोंडं जास्त झालीत, हे ओळखायला एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. मैदानात हात-दोन हातांचा चौकोन जाळीने बंद करायचा. पावसाळ्याअखेरीस आतलं गवत मांडीपर्यंत आणि बाहेरचं खुराएवढं असेल, तर आणखी बी टाकून काही होणार नाही. जमीन गवत देतेय, ते उभं राहू दिलं जात नाहीये. कान्हाच्या मुख्य मैदानात चितळांची गर्दी हा असाच प्रश्न राहिला आहे. चितळ गवत आखूड ठेवतात, त्यांना ते सोयीचं जातं आणि बारशिंगा कडेला ढकलला जातो.

यात पर्यटनाची एक बारीक कुरकुर कायम मिसळलेली असते. जिप्सीतल्या माणसाला प्राणी दिसायला हवा, म्हणजे रस्त्याकडेचं गवत आखूड हवं. वनरक्षकाला विचाराल तर तो सांगेल की उंच गवत असलं की साहेबांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे विचारतात, ‘आज काहीच कसं दिसलं नाही?’ २०१७ मध्ये कान्हाने ‘भूरसिंग द बारासिंगा’ हे अधिकृत शुभंकर आणलं. वाघाच्या गावात हरणाला हा मान मिळाला, छान झालं. पण भूरसिंगला हवं असलेलं गवत जिप्सीच्या काचेपेक्षा उंच असतं.

पुढे काय झालं

संख्या सावरली. पुढच्या दशकांत ती काहीशेच्या घरात गेली, मधे बराच काळ रेंगाळली, आणि अलीकडे हजाराच्या आसपास पोहोचली आहे. आज बारशिंगा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे.

या यशाची किंमत कोणी चुकवली, हे मात्र प्रकरणाच्या बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकलं जातं. सौंफचं गवत उगवलं ते कुणाच्या तरी बांधावर. बैगा आणि गोंड कुटुंबं तिथून उठली तेव्हा वनहक्क कायदा नव्हता, ग्रामसभेची संमती ही कल्पनाही नव्हती. २००६ नंतर कायद्याने स्थलांतर स्वेच्छेचं हवं असं सांगितलं आणि भरपाईही वाढत गेली. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख, २०२१ पासून पंधरा लाख. कागदावर स्वेच्छा लिहिणं आणि प्रत्यक्षात ती असणं यांतलं अंतर मध्य भारतातल्या प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला ठाऊक आहे. बारशिंगा वाचायला हवा होता यात मला शंका नाही. पण कुरणाचा हिशोब मांडताना मजुरी, बी आणि कुंपण यांच्या आधी या खर्चाचा रकाना हवा.

महाराष्ट्रात हेच चित्र नव्या नावांनी दिसतं. ताडोबातली नवेगाव आणि जामणी ही गावं बाहेर गेली, त्यांच्या शेतांवर आज कुरणं आहेत आणि चितळ, गवे, त्यांच्यामागे वाघ तिथे दिसतात. मेळघाटात अनेक गावठाणांवर असंच काम झालं. आपल्याकडे बारशिंगा नाही, म्हणून कान्हाचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. चितळाला आखूड गवत चालतं, गव्याला गवतासोबत बांबू आणि पाला हवा, सांबर संध्याकाळ झाल्याशिवाय उघड्यावर यायला तयार नसतो, त्याला रानाची कड जवळ लागते. सलग शंभर हेक्टर सपाट माळ करण्यापेक्षा वेड्यावाकड्या कडेचं, मधे झाडांची बेटं सोडलेलं कुरण सांबराला जास्त उपयोगी. कान्हातून घ्यायची ती पद्धत: आधी प्राणी ठरवा, त्याचं विणीपासून विणीपर्यंतचं वर्ष लिहून काढा, आणि मगच नांगर, कोयता किंवा काडेपेटी हातात घ्या.

कान्हाची पुढची अडचण वेगळ्या जातीची आहे. एक अख्खी उपजात एका जंगलात असणं म्हणजे एखाद्या साथीने सगळंच जाण्याची भीती. म्हणून २०१५ पासून कान्हातले बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि २०२३ मध्ये बांधवगडमध्ये नेले गेले. पकडण्यासाठी आफ्रिकेतली बोमा पद्धत वापरली: नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं आडोशाचं कुंपण, त्यातून कळप न घाबरवता थेट गाडीपर्यंत येतो. भूल द्यायची गरज नाही. हरणांना भूल देणं म्हणजे तणावानेच जनावर दगावण्याचा धोका. सातपुड्यातही जागा मिळाली ती गावं उठल्यानंतरच्या मैदानांमुळेच. नव्या ठिकाणी आधी कुंपणात ठेवायचं, तिथे पाडसं होतात का आणि पावसाळा निघतो का ते बघायचं, मग सोडायचं, असा क्रम. आणि कुरण कितीही चांगलं जमलं तरी भोवतालच्या गावांतल्या गुरांचं लाळ्या-खुरकुतचं लसीकरण चुकवून चालत नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की गुरं आणि हरणं एकाच नाल्यावर येतात, आणि रोगाला कुंपण दिसत नाही.